पायाचा नंबर, पाठीचा नंबर

मराठीत मी सातवीपर्यंत शिकले, तेही अलिबागजवळच्या एका गावात. त्यानंतर आम्ही इस्राएलला आलो आणि माझं मराठी तिथेच थांबलं. त्यामुळे दिवाळी अंकासाठी आपल्या कामाविषयी लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मी लेखिका नाही. गायींच्या पायांत यंत्रं बांधते, इतकंच. पण मग एका शनिवारबद्दल लिहावंसं वाटलं, कारण त्या शनिवारी मी मराठीत घाबरले होते. हिब्रू मला चांगली येत होती, पण त्या दिवशी डोक्यात एकही हिब्रू शब्द येत नव्हता.

आमचं घर येरुहामला, नेगेवच्या वाळवंटातल्या छोट्याशा गावात. बाबा कारखान्यात पाळीवर जायचे, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. पशुविज्ञान का घेतलं, हे मला बाबांना कधी नीट सांगता आलं नाही. ते शेजाऱ्यांना सांगत, "आमची सिम्हा गायींचा कॉम्प्युटर शिकते." त्यावर माझी धाकटी बहीण ओर्ली हिब्रूत म्हणायची, "अब्बा, गायींना टाईप करता येतं का?" बाबांना ते कळायचं, पण न कळल्यासारखं करायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉलेजच्या नियमाप्रमाणे एक वर्ष गोठ्यात काम करायचं होतं. मला मिळाला तो गोठा येरुहामपासून दहाएक किलोमीटरवर, एका धार्मिक ज्यू वस्तीचा, सगळ्यांच्या सामाईक मालकीचा. दोनशेच्या आसपास गायी. प्रमुख अव्नेर. पन्नाशीचा, लाल चेहऱ्याचा माणूस. तो कधी ओरडत नसे. चूक झाली की फक्त गप्प व्हायचा, आणि त्याची मला जास्त भीती वाटायची. दूध काढायला मुख्य माणूस सालेम. तो बेदुइन अरब, जवळच्याच पाड्यावरचा, अव्नेरच्याच वयाचा. मला 'बिन्ती' म्हणायचा. अरबीत 'माझी मुलगी'.

यंत्र काय करतं ते साध्या शब्दांत सांगते. गायीच्या पुढच्या पायात पट्ट्यानं एक डबी बांधतात. तिच्यात नंबर असतो आणि ती पावलं मोजते. गाय धारेसाठी आत आली की दारातलं वाचक-यंत्र तो नंबर टिपतं, त्यामुळे कुठल्या जागेवर कुठली गाय उभी आहे हे संगणकाला समजतं. दूध ज्या नळीतून जातं तिच्यात दुसरं यंत्र असतं. कासेला सूज आली, म्हणजे आपले शेतकरी ज्याला दगडी म्हणतात ती होऊ लागली, की दूध किंचित खारट होतं. माणसाच्या जिभेला ते समजत नाही. पण खारट दुधातून वीज जास्त सहज जाते आणि ते यंत्राला समजतं. डोळ्यांना काही दिसायच्या आधीच, कधी एक-दोन दिवस आधी, यादीत त्या नंबरापुढे एक तारा उमटतो. ताऱ्याची गाय शेवटी ठेवायची. कारण धारेच्या मशीनचे कप एका गायीच्या सडांवरून दुसरीच्या सडांवर जातात आणि रोगही त्यांच्याबरोबर जातो. आजारी गाय शेवटी आली, तर तिच्या मागे कोणी नसतं. सगळी युक्ती एवढीच.

यंत्र गमतीही करायचं. एकदा एका गायीची डबी गळून पडली आणि गोठ्याच्या कुत्र्यानं ती तोंडात धरून दिवसभर हिंडवली. संगणकाच्या हिशेबानं ती म्हातारी गाय बेरशेबा शहराला जाऊन परत आली होती. अव्नेर ती यादी हातात घेऊन गायीजवळ गेला आणि तिला विचारलं, "बाजारात काय भाव आहे?" मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

कारण त्या हिवाळ्यात हसण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या एका गोठ्यात अशी दगडी शिरली होती की तिच्यावर औषधच चालत नाही. तिचा जंतू इतका हळू वाढतो की प्रयोगशाळेलाही तो ओळखायला आठवड्याच्या वर लागतं, आणि तोपर्यंत तो पुढच्या गायींत गेलेला असतो. उपाय एकच, गाय कत्तलखान्याला पाठवणं. त्या गोठ्यात ट्रक एकदा आला, मग पुन्हा आला, मग येतच राहिला. एक दिवस बसच्या खिडकीतून मला तो गोठा दिसला. अर्ध्या जागा रिकाम्या होत्या आणि दावणीशी एक बाई नुसतीच उभी होती. हातात झाडू होता, पण झाडत नव्हती.

तेव्हापासून रोज सकाळी यादी काढली की मी आधी तारे मोजायचे.

आता शब्बाथचं, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या आमच्या विश्रांतीच्या दिवसाचं, सांगायला हवं. कोकणात आम्हा बेने इस्राएलींना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी आमचे तेलाचे घाणे बंद असत. बाबा सांगायचे, "आजाच्या बैलाला शनवार कळायचा. त्या दिवशी जू दाखवलंस तर मान फिरवायचा." पण गायीला शनिवारची सुट्टी देता येत नाही. धार काढली नाही तर कास तटतटते, तिला वेदना होतात. म्हणून धार काढायची, मात्र विजेला हात न लावता. आमच्या गोठ्यात शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी घड्याळं लावून ठेवत, मशीन आपोआप सुरू होई. संगणक आतल्या आत नोंदी ठेवत राही, पण त्याच्या पडद्यावर काळं कापड टाकायचं आणि ऑफिसला कुलूप. शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत कोणी बघायचं नाही. शुक्रवारची संध्याकाळ, शनिवारची पहाट, शनिवारची दुपार, अशा तीन धारा आम्ही आंधळे असायचो.

त्या तीन धारांसाठी एक फळा होता. शुक्रवारी दुपारच्या धारेनंतर यादी बघून कुठल्या गायी शेवटी ठेवायच्या ते मी फळ्यावर खडूनं लिहायचे. सालेम आणि त्याची माणसं शब्बाथभर त्या फळ्यावर चालायची.

त्या आठवड्यात गुरुवारी खूर तासणारा आला होता. त्यानं दोन गायींच्या पायांतल्या डब्या काढून खिळ्याला अडकवल्या. एका गायीच्या खुराला जखम होती, तिच्यावर त्यानं जांभळं औषध फवारलं आणि निघून गेला. शुक्रवारी सकाळी त्या डब्या परत बांधणं माझं काम.

नियम साधा होता आणि अव्नेरनं तो मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. प्रत्येक गायीच्या मागच्या अंगावर पांढऱ्या केसांत उमटवलेला मोठा नंबर असतो, आणि गेलेल्या गायीचा नंबर पुन्हा कोणाला देत नाहीत. डबी बांधायच्या आधी पायाचा नंबर आणि पाठीचा नंबर, दोन्ही मोठ्यानं वाचायचे. मला मोठ्यानं वाचायची लाज वाटायची. माझे उच्चार ऐकून तिथली माणसं हसतील असं वाटायचं. शिवाय हिवाळ्यातला शुक्रवार, दिवस लहान, येरुहामची शेवटची बस लवकर. ती चुकली तर रविवारपर्यंत परक्यांच्या घरी. डब्यांवर शेण वाळलं होतं, नंबर नीट दिसत नव्हते. मी पहिली डबी पहिल्या गायीला बांधली, दुसरी दुसरीला.

दुपारच्या धारेनंतर यादीत २१४ पुढे तारा आला. मी फळ्यावर लिहिलं, '२१४ शेवटी'.

सालेम फळ्यापाशी थांबला. "बिन्ती, दोनशे चौदा? मी आत्ताच तिची धार काढली. बरी आहे."

"डोळ्यांना दिसत नाही सालेम, म्हणून तर यंत्र आहे."

"मी काही म्हणत नाही. पण कास मऊ आहे. लोण्यासारखी."

"संगणक चुकत नाही," मी म्हटलं. ते मी कशा सुरात म्हटलं हे मला अजून आठवतं. घरातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी त्या सुरात बोलत होती.

सालेमनं खांदे उडवले. "तू शिकलेली आहेस." त्यात टोमणा नव्हता. तो खरंच तसं समजत होता. मी धावत जाऊन बस पकडली.

घरी आईनं दिवे लावले. माशाची आमटी, भात, ताजी पोळी. बाबांनी किद्दुश, शब्बाथच्या जेवणाची प्रार्थना, म्हटलं आणि आम्ही जेवणाआधीचे हात धुवायला उठलो. तांब्यातलं पाणी उजव्या हातावर ओतलं तर अंगठ्याजवळ जांभळा डाग. चोळला, जाईना. हसून चोळत राहिले. आणि एकदम हात तिथेच थांबले.

तो डाग गायीच्या खुराचा नव्हता. तो डबीच्या पट्ट्यावरचा होता, खूर तासणाऱ्याच्या औषधानं भरलेल्या हातांचा पट्ट्याला लागलेला. आणि जांभळा डाग पडलेला तो पट्टा मी स्वच्छ पांढऱ्या पायात बांधला होता. दुसऱ्या गायीचा जांभळा खूर डोळ्यांसमोर आला आणि त्याच्या वर बांधलेला कोरा पट्टा.

डब्यांची अदलाबदल झाली होती.

म्हणजे तारा स्वच्छ पायाच्या २१४ चा नव्हता. तारा ३५० चा होता, जखमी खुराच्या गायीचा. निरोगी २१४ शब्बाथभर शेवटी राहणार, आणि ३५० रोजच्यासारखी पहिल्या तुकडीत, ताज्या व्यालेल्या गायींच्या पुढे, तेच कप. संध्याकाळची धार तेव्हा चालूच असणार.

"काय गो, पाणी का सांडतेस?" बाबा म्हणाले.

मी तांब्या खाली ठेवला. जेवले नाही. फोनचा विचार मनात आला, पण ऑफिसला कुलूप होतं, अव्नेर शब्बाथला फोन उचलत नसे आणि सालेमच्या पाड्यावर फोनच नव्हता. शब्बाथ मोडूनही उपयोग नव्हता. अंथरुणावर पडून मी गायी मोजत राहिले. ३५० च्या मागे त्या जागेवर किती गायी येतात? त्या बाईच्या हातातला झाडू दिसत राहिला.

सकाळी प्रार्थनेहून आल्यावर बाबांनी मला गॅलरीत गाठलं. "आता बोल." मी सगळं सांगितलं, मराठीत. रडतही होते.

बाबांना संगणकातलं काही समजत नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "तू तिथं गेलीस तर थांबवता येईल?"

"दुपारची धार उरलीय. बारा वाजता. पण गाडीत बसून कशी जाऊ?"

"गाडी कोण म्हणतंय? पाय हायत ना?" ते आत गेले आणि शब्बाथचे काळे बूट घालून आले.

आई दारात आली. "अवो, एवढं लांब? थंडीत?"

"चालायला कोणी बंदी केलीय?" बाबा म्हणाले. (बंदी आहे. गावाबाहेर शब्बाथला किती चालावं याला मर्यादा आहे, हे वस्तीतल्या एकानं आम्हाला नंतर समजावून सांगितलं. बाबांना ते आयुष्यात प्रथमच कळलं. "आमच्या गावात असं कोणी सांगितलं नाय," ते म्हणाले, आणि पुढं खूप दिवस त्या गोष्टीनं अस्वस्थ होते.)

दोन तास आम्ही चाललो. रस्ता रिकामा, दोन्ही बाजूंना राखाडी दगड. बाबा पुढे, मी मागे. चालता चालता माझ्या डोक्यात दुसरीच एक गोष्ट शिरली. अव्नेर दुपारी घरी असतो. मी गुपचूप जाऊन डब्या बदलल्या, तर कोणाला काय कळणार? संध्याकाळी पडदा उघडेल, तारा ३५० वर दिसेल. २१४ चा तारा यंत्राची चूक म्हणून सोडून देतील. सालेम बोलणार नाही. कॉलेजात माझ्याविरुद्ध काही लिहिलं जाणार नाही. मला तो विचार इतका आवडला की माझी पावलं हलकी झाली.

बाबांनी मागे न बघता विचारलं, "साहेबाला काय सांगशील?"

"बघते."

"बघते काय? कारखान्यात एकदा मी वाल्व उघडा ठेवला होता. गप्प बसलो. दुसऱ्याचा हात भाजला." ते चालत राहिले. "त्याचा हात अजून वाकडा हाय. मला रोज सलाम करतो. त्याला ठाऊक नाय."

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. आईलाही नसावी. 

पोचलो तेव्हा पहिली तुकडी आत जायच्या बेतात होती. सालेमनं मला बघितलं, मग माझ्या मागे धुळीनं पांढरे बूट झालेल्या बाबांना बघितलं, आणि हातातली नळी खाली ठेवली. कोणी मेलं असं त्याला वाटलं असावं.

मी ३५० कडे बोट दाखवलं. "ही. ती नाही, ही."

सालेम वाकला, तिची कास चारी बाजूंनी चाचपली. मागच्या उजव्या भागाशी त्याचा हात थांबला. "पहाटे नव्हतं," तो हळूच म्हणाला. "आत्ता कडक लागतंय."

तिला बाजूला न्यायचं होतं, पण खूर दुखत असल्यानं ती हलेना. माझ्या हातून तर नाहीच. बाबा कठड्याखालून आत शिरले. त्यांनी तिच्या कानामागे हात ठेवला आणि जिभेनं टक्-टक् असा आवाज काढला, आजोबांच्या बैलासाठी काढत असतील तसा. ती त्यांच्या मागून निघाली. सालेम बाबांकडे बघून अरबीत काहीतरी म्हणाला. बाबा मान हलवून मराठीत म्हणाले, "हां हां, बराबर." दोघांचं कशावर एकमत झालं ते मला कळलं नाही.

मी खाली बसून दोन्ही डब्या सोडल्या, शेण पुसलं, आणि मोठ्यानं वाचत बांधल्या. पायाचा नंबर, पाठीचा नंबर.  कोणी हसलं नाही.

अव्नेर संध्याकाळी आला. तारे अजून उगवले नव्हते, पडद्यावर कापड होतं. बाबा बाहेर बाकावर बसले होते. डब्या आता जागेवर होत्या. मी काही बोलले नसते, तर काहीच घडलं नव्हतं.

"तू इथं कशी?" अव्नेरनं विचारलं.

मी सांगितलं. हिब्रू शब्द सापडत नव्हते, एकेक आठवून सांगितलं. शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारची पहाट, दोन धारा ३५० पहिल्या तुकडीत होती. मी नंबर वाचले नव्हते. सालेमनं विचारलं होतं, मी ऐकलं नाही.

अव्नेर गप्प झाला. ज्याची मला वर्षभर भीती होती तोच गप्पपणा. तो खिडकीशी उभा राहिला, तिसरा तारा दिसेपर्यंत. मग कापड काढलं, पडदा सुरू केला आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस. कुठल्या जागेवर उभी होती, आणि तिच्या मागे कोण कोण आलं, काढ."

संगणकात सगळं होतं. दोन्ही धारांत २१४ च्या नंबरानं उभी असलेली गाय म्हणजे ३५०. हे ठाऊक असलं, तरच तिच्या मागची रांग काढता येत होती. मी गप्प राहिले असते तर आम्ही भलत्याच गायीच्या मागची रांग तपासली असती, किंवा कुठलीच नाही.  त्या गायी आम्ही त्याच संध्याकाळी वेगळ्या केल्या, त्यांचे नमुने घेतले. अव्नेरनं आम्हाला गाडीतून घरी सोडलं. उतरताना त्यानं बाबांचा हात हातात घेतला. 

प्रयोगशाळेचं उत्तर यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी कसे काढले ते लिहिता येणार नाही. रोज यादी, रोज तारे, फोन वाजला की मी ऑफिसच्या दाराशी. शेवटी अव्नेरनं फोन ठेवला आणि तीन बोटं वर केली. ३५०, आणि तिच्या मागून आलेल्या दोघी. बाकीचा गोठा स्वच्छ होता. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचलात. मला ते थोडक्यात वाटलं नाही. त्या दोघींपैकी एक पहिल्यांदाच व्यालेली होती.

ट्रक सकाळी आला. गाय जाताना तिची डबी काढून घेतात, आणि ते काम माझं होतं. अव्नेर दुसऱ्या कोणाला सांगू शकला असता, पण त्यानं सांगितलं नाही. मी खाली बसले. ३५० चा खूर बरा झाला होता, जांभळा रंग जवळजवळ गेला होता. मी पट्टा सोडला.

सालेम दोर धरून उभा होता. "वाच, बिन्ती," तो म्हणाला.

मी पायाचा नंबर वाचला. मग उठून पाठीचा वाचला. तिघींचे, सहा नंबर. सालेमनं प्रत्येकाला "हो" म्हटलं, आणि मग ट्रकची मागची फळी लावली.

त्यानंतर मी पदवी घेतली आणि अनेक गोठ्यांत ही यंत्रं बसवली. आता नवी यंत्रं आली आहेत, शब्बाथसाठी वेगळी सोयही आहे. यंत्र चांगलं आहे, ते मी कोणालाही सांगेन. त्यानं किती गायी वाचवल्या हे मी पाहिलं आहे. पण जिथे जाते तिथे मी गायीच्या मागे उभी राहून नंबर मोठ्यानं वाचते आणि दूध काढणाऱ्या माणसाकडे बघत थांबते. तो हो म्हणाल्याशिवाय पट्टा आवळत नाही. नवे लोक हसतात. हसू देत.

बाबा हयात होते तोवर दर शुक्रवारी दुपारी, दिवे लागायच्या आधी, त्यांचा फोन यायचा. कशी आहेस, जेवलीस का, असं काही विचारायचे नाहीत.

"दोन्ही वाचलेस?"

"वाचले, बाबा."

"मग ये घरी," म्हणायचे, आणि फोन ठेवायचे.